इटालियन आडनावाचा माग काढताना: आधी गाव, मग अर्थ

नातीच्या बारशाला घर पाहुण्यांनी भरलं होतं. पुणेकर काका, चिपळूणकर मावशी, एक सातारकर मामा. माझी सून ब्राझीलची, काशियास दो सूल शहरातली. सगळ्यांची नावं ऐकता ऐकता तिने मला विचारलं, "आई, तुमच्यात आडनावावरून गाव कळतं. आमच्यात कळतं का?" तिचं माहेरचं आडनाव फावेरो. घराणं मूळ इटलीचं, एवढंच तिला माहीत होतं. विहीणबाई सांगायच्या, इटलीत फावा नावाच्या शेंगा होतात, त्या पिकवणारे ते फावेरो.

तो अर्थ चुकीचा निघाला, आणि ते कळायला मला दीड वर्ष लागलं. कारण सुरुवातच मी उलट्या टोकाकडून केली होती. आडनाव शोधयंत्रात घातलं आणि अर्थ वाचत बसले. चार ठिकाणी चार अर्थ मिळाले. इटालियन आडनावाचं हेच आहे: एकच आडनाव दोन प्रांतांत दोन निराळ्या कारणांनी पडलेलं असतं आणि एकाच अर्थाची दहा आडनावं दहा प्रांतांत असतात. आपलं घराणं कुठलं हे ठरल्याशिवाय अर्थाला काही आधार नाही. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. घरात इटालियन जावई किंवा सून आहे, तिकडे शिकताना कुणा मैत्रिणीला मदत करायची आहे, किंवा नुसतीच ओढ आहे, अशांनी याच क्रमाने जावं.

पहिली पायरी: घरातले कागद आणि खरा उच्चार

आधी घरातल्या वयस्कर माणसांशी बोला. जन्मदाखले, लग्नाची पत्रं, जुने पारपत्र, फोटोंच्या मागची अक्षरं, थडग्यावरचा मजकूर, सगळं गोळा करा. प्रत्येक कागदावर आडनाव कसं लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवून घ्या, दुरुस्त करू नका. आमच्याकडे पाच कागदांवर तीन स्पेलिंगं निघाली, आणि पुढे तीच कामी आली.

उच्चाराच्या बाबतीत मराठी माणसाचं काम सोपं आहे. इटालियनमध्ये 'सी'च्या पुढे 'आय' किंवा 'ई' आला की उच्चार 'च', आणि 'सी-एच' आलं की 'क', म्हणजे इंग्रजीच्या बरोबर उलट. 'जी-एन' म्हणजे 'न्य'. जोडव्यंजन दिसलं की खरंच जोडून म्हणायचं: रोस्सी, रिच्ची. आणि 'झेड'चा उच्चार बऱ्याचदा आपल्या 'चोर', 'चाक' मधल्या दंत्य 'च'सारखा होतो. आपल्याकडे स्वातंत्र्यलढ्यापासून 'मॅझिनी' म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ त्यांच्या देशात त्या दंत्य 'च'नेच ओळखले जातात. उच्चार नीट बसला की परदेशी कारकुनाने कानावर पडेल तसं काय लिहिलं असेल याचा अंदाज येऊ लागतो.  

एक सावधगिरी. वसईच्या किंवा गोव्याच्या शेजाऱ्यांमुळे डिसोझा, डिमेलो ही नावं आपल्या कानात बसलेली असतात, म्हणून 'दी' किंवा 'दे' दिसलं की सगळं एकच वाटतं. ती आडनावं पोर्तुगीज, बाप्तिस्म्याबरोबर आलेली. त्यांचा माग इटलीत काढत बसू नका.

दुसरी पायरी: आडनावाचं शेपूट पाहा

आपल्याकडे 'कर' लागलं की गाव, तसं इटलीत शेवटच्या अक्षरांवरून प्रदेशाचा अंदाज येतो. 'ई'ने संपणारी आडनावं उत्तरेत आणि मध्य इटलीत जास्त: रोस्सी, फेर्रारी, बिआंकी. तो 'ई' बहुतेकदा अनेकवचनाचा असतो; आपण 'जोशांकडे', 'पाटलांचा मुलगा' म्हणतो ना, तसा. 'ओ'ने संपणारी दक्षिणेत जास्त: रुस्सो, एस्पोझितो, ग्रेको. शेवट व्यंजनावर होत असेल तर ईशान्येकडचा व्हेनेतो प्रांत आधी पाहा: त्रेविझान, विझेंतिन, फुर्लान. फ्रिऊलीत 'उत्ती' दिसतं, तोस्कानात 'उच्ची' पुष्कळ. 'ऊ' किंवा 'अस्', 'इस्'ने संपणारं पुद्दू, पीरास, मेलीस असं काही असेल तर ते सार्दिनिया बेटावरचं असण्याची शक्यता मोठी. शेवटच्या 'आ'वर आघाताची खूण असेल, उदाहरणार्थ लगाना, तर कालाब्रियाकडे वळा. तिथे शतकानुशतकं ग्रीक बोलली जायची, त्याची ती खूण आहे.

आता लोहाराचंच घ्या, म्हणजे ही गोष्ट नीट दिसेल. लॅटिनमध्ये लोहार म्हणजे 'फाबेर', लोखंड म्हणजे 'फेर्रुम'. या दोन शब्दांतून सबंध देशभर आडनावं फुटली. एमिलिया आणि लोम्बार्दियात फेर्रारी. पिएमोंतेत फेर्रेरो. दक्षिणेत फेर्रारो. तोस्काना आणि रोमान्यात फाब्री. फ्रिऊलीकडे फाब्रीस. सार्दिनियात फ्राऊ, जर्मनमध्ये हाच शब्द बाईसाठी असला तरी इथे त्याचा काही संबंध नाही, सार्दिनियन बोलीत लोहाराला फ्राऊ म्हणतात. आणि व्हेनेतोत फावारो, फावेरो, फावरेत्तो. तिकडच्या बोलीत दोन स्वरांमधला 'ब' मऊ होऊन 'व' होतो आणि जोडव्यंजनं सुटी पडतात. म्हणजे सुनेच्या आडनावात जो 'व' होता तोच तिचा प्रांत सांगत होता, आणि मी शेंगा शोधत होते. 'फावा'वरून आलेली आडनावं इटलीत आहेत, पण ती फावा, फाविनी अशा वळणाची.

यावरून फक्त प्रदेशाचा अंदाज करा. गाव अजून लांब आहे.

तिसरी पायरी: नकाशा

इटलीत आज कुठल्या प्रांतात कोणतं आडनाव किती आहे हे दाखवणारे नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात. कोन्योमिक्स हे त्यातलं एक नाव. आडनाव घाला, गडद रंग कुठे दिसतो ते पाहा. आडनाव दुर्मीळ असेल तर नकाशा थेट दोन-तीन गावांवर बोट ठेवतो. रोस्सी असेल तर काहीच सांगत नाही, कारण ते देशातलं सगळ्यात मोठ्या संख्येचं आडनाव आहे. मिलान, तोरिनो, रोम या शहरांमधला गडदपणा सोडून द्या. १९५० आणि ६० च्या दशकांत दक्षिणेतले लाखो लोक कारखान्यांत कामाला उत्तरेत आले. तोरिनोमधले रुस्सो मूळचे तोरिनोचे नसतात.

चौथी पायरी: गावाचं नाव, तेही पूर्ण

इथे बहुतेक लोक अडकतात. इटलीत सगळ्या नोंदी 'कोमूने'त असतात, म्हणजे आपली ग्रामपंचायत किंवा नगरपालिका समजा. देशाला एकत्र शोध घेता येईल अशी एकच मोठी यादी नाही. 'व्हेनेतो' किंवा 'नेपल्सजवळ' एवढ्यावर काम होत नाही.

आणि हे नाव बहुधा इटलीत नाही, जिथे माणूस गेला त्या देशात सापडतं. १८७६ ते १९१५ या काळात जवळपास १ कोटी ४० लाख लोक इटली सोडून गेले. अमेरिकेत गेलेल्यांसाठी नागरिकत्वाचे अर्ज आणि जहाजांच्या याद्या पाहा. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जिथे स्थलांतरितांची तपासणी व्हायची, अधिकाऱ्यांनी आडनावं बदलली असं सगळे सांगतात, ते खरं नाही. याद्या जहाज सुटतानाच बंदरात तयार व्हायच्या, बेटावर त्या फक्त ताडून पाहिल्या जायच्या. नावं बदलली ती पुढे: शाळेत, कारखान्यात, कधी स्वतःहून. साओ पावलोत उतरलेल्यांसाठी तिथल्या स्थलांतरितांच्या वसतिगृहाच्या नोंदवह्या आहेत. रियो ग्रांदे दो सूलमध्ये मात्र चर्च हाच मोठा आधार.

आमचं तसंच झालं. जहाजाच्या यादीत गावाच्या रकान्यात नुसतं 'इटली' होतं. शेवटी सुनेच्या खापरपणजोबांच्या लग्नाची चर्चमधली नोंद सापडली. पाद्र्यांनी घाईत लिहिलेल्या दोन ओळी, त्यात 'काश्तेलफ्रांको, त्रेविझो प्रांत'. काश्तेल असं काही इटालियनमध्ये नसतं; पाद्री पोर्तुगीज कानाने लिहीत होते. गाव कास्तेलफ्रांको. आणि कास्तेलफ्रांको इटलीत एक नाही. एमिलियात आहे, तोस्कानातही आहे. 'त्रेविझो प्रांत' हे दोन शब्द नसते तर मी आजही चुकीच्या गावच्या वह्या चाळत असते. आपलं ते कास्तेलफ्रांको व्हेनेतो. गावाचं नाव मिळालं की प्रांत मिळाल्याशिवाय समाधान मानू नका.

आणखी एक. आपल्या गावाला जशा वाड्या, तशा तिकडे कोमूनेला 'फ्रात्सिओने' असतात. घरच्यांनी सांगितलेलं नाव वाडीचं असू शकतं. वाडी कुठल्या कोमूनेत येते ते आधी पाहावं लागतं.

पाचवी पायरी: वह्या उघडा

इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं 'आंतेनाती' म्हणजे 'पूर्वज' नावाचं संकेतस्थळ आहे. २०११ पासून ते सगळ्यांना फुकट खुलं आहे. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या वह्यांची पानं तिथे पाहता येतात, मात्र सगळ्या प्रांतांची अजून आलेली नाहीत. जोडीला फॅमिलीसर्च हे वंशावळीचं संकेतस्थळ पाहा, तेही फुकट.

कोणत्या सालापासून काय मिळेल हे प्रदेशाप्रमाणे बदलतं, आणि ते ठाऊक नसलं की माणूस उगाच निराश होतो. दक्षिणेत नेपल्सच्या राज्यात सरकारी नोंदी १८०९ पासून, सिसिलीत १८२० पासून सलग. त्यामुळे दक्षिणेतलं घराणं शोधणं सोपं जातं. उत्तरेत नेपोलियनच्या काळात, साधारण १८०६ ते १८१५, नोंदी झाल्या आणि मग थांबल्या. इटली एक झाल्यावर १८६६ पासून देशभर सरकारी नोंदणी आली. व्हेनेतो उशिरा सामील झाला, तिथे १८७१ पासून. मध्ये १८६६ पर्यंत ऑस्ट्रियाचा अंमल होता आणि वह्या पाद्र्यांकडे होत्या. त्रेंतोकडे तर पहिल्या महायुद्धानंतरच.

प्रत्येक वर्षाच्या वहीच्या शेवटी सूची असते, दहा वर्षांची एकत्र सूचीही असते. तिथून सुरुवात करा. काही जुन्या सूची आडनावाऐवजी पहिल्या नावाने लावलेल्या असतात हे ध्यानात ठेवा.

आता प्रत्यक्ष पान. मला मिळालेली नोंद १८७२ ची, जन्माची. भाषा येत नसली तरी घाबरू नका, साचा ठरलेला असतो आणि दहा पानं पाहिली की डोळा सरावतो. आधी साल, अक्षरी: 'मिल्ले ओत्तोचेंतो', म्हणजे अठराशे. मग 'आव्हांती दी मे', माझ्यासमोर. 'ए कोंपार्सो', हजर झाला. मग बापाचं नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, बाळ किती वाजता जन्मलं, कोणत्या घरात, कोणापासून.

त्या पानावर बाप होता 'पिएत्रो फू दोमेनिको'. हे 'फू' सोन्याचं आहे. बापाच्या नावाआधी 'दी' असेल तर तो नोंदीच्या वेळी हयात होता, 'फू' असेल तर कैलासवासी. आपण 'कै.' लिहितो तसं. म्हणजे एका शब्दाने मला कळलं की दोमेनिको १८७२ च्या आधीच गेले, आणि त्यांच्या मृत्यूची नोंद त्याआधीच्या वह्यांत शोधायची.

आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावाने होतं. इटालियन नोंदीत बाई लग्नानंतरही जन्माच्याच आडनावाने लिहिली जाते. आपल्याकडे आजीचं माहेर शोधताना किती खटपट होते ते आठवा. तिकडे प्रत्येक पानावर ते आयतं मिळतं. त्यामुळे आईकडची बाजू सोडू नका.

महिन्यांचा एक सापळा आहे. ७ लिहून पुढे 'बी-आर-ई' अक्षरं असली तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा आकडा म्हणजे डिसेंबर. लॅटिनमध्ये सेप्तेम म्हणजे सात, त्यावरून हे आलं.

पान संपताना लिहिलं होतं की बाप निरक्षर असल्याने सही करू शकत नाही. ती ओळ वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. आपल्या नावाची अक्षरं कशी दिसतात हे त्या माणसाला माहीत नव्हतं; कारकून लिहील ते त्याचं आडनाव. म्हणून एका वहीत फावेरो आणि पुढच्या वहीत फावारो दिसलं तर घराणं वेगळं असं लगेच धरू नका. बापाचं नाव, आईचं आडनाव, वाडी जुळतं का ते पाहा.

लग्नाच्या नोंदीबरोबर 'आल्लेगाती', म्हणजे जोडपत्रं मिळाली तर सगळं सोडून आधी ती वाचा. दक्षिणेत त्यात वधूवरांच्या बाप्तिस्म्याचे उतारे आणि वारलेल्या बापाचे, कधी आजोबांचेही मृत्युदाखले एकत्र असतात. एका पाकिटात तीन पिढ्या. सैन्यभरतीच्या नोंदींतून तर उंची, केसांचा रंग, धंदा आणि लिहिता-वाचता येतं का, एवढं कळतं.

कागद मागवायचा असेल तर कोमूनेच्या नागरी नोंदणी कचेरीला साधं इटालियनमध्ये पत्र लिहा. पूर्ण नाव, जन्माचं साल, आईबापांची नावं द्या आणि 'कोपिया इंतेग्राले' मागा, म्हणजे मूळ नोंदीची पूर्ण प्रत. नागरिकत्वासाठी हे करत असाल तर आधी वकिलाशी बोला. २०२५ च्या कायद्याने रक्ताच्या नात्यावरचा हक्क बहुतेकांसाठी आईवडील आणि आजीआजोबांपर्यंतच आणून ठेवला आहे.

सहावी पायरी: चर्च

सरकारी वह्या संपल्या की चर्च. १५६३ साली त्रेंतोच्या धर्मसभेने लग्नं आणि बाप्तिस्मे नोंदवणं पाद्र्यांना बंधनकारक केलं, म्हणून पुष्कळ ठिकाणी सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जाता येतं. या वह्या बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात: पिएत्रोचा पेत्रुस, जोवान्नीचा योआन्नेस होतो. त्या चर्चमध्ये किंवा धर्मप्रांताच्या अभिलेखागारात असतात. पाद्री बहुतेकदा एकटे असतात आणि तीन-तीन चर्च सांभाळतात. एका वेळी एकच नोंद विचारा, जमेल ती देणगी कळवा, आणि महिनोन्महिने थांबायची तयारी ठेवा.

इथे आडनावापुढे 'देत्तो' शब्द दिसला तर तो लिहून घ्या. 'म्हणजेच अमुक' असा त्याचा अर्थ. एका गावात एकाच आडनावाची वीस घरं झाली की प्रत्येक शाखेला टोपणनाव पडायचं. व्हेनिसजवळच्या क्योज्जा या मच्छीमारांच्या गावात बोस्कोलो आणि तिओत्सो एवढे झाले की ही टोपणनावं आज सरकारी कागदांवरही आडनावाला जोडून येतात. तुमची शाखा कोणती हे आडनावापेक्षा 'देत्तो'वरून नक्की कळतं.

सातवी पायरी: आता अर्थ

एवढं झाल्यावर अर्थ शोधा, आणि त्या प्रांताच्या बोलीत शोधा. एंत्सो काफारेल्ली आणि कार्ला मार्कातो यांचा इटालियन आडनावांचा २००८ सालचा मोठा कोश विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मिळतो. कालाब्रियासाठी गेर्हार्ड रोल्फ्स या जर्मन भाषाशास्त्रज्ञाचं काम अजून आधाराचं आहे.

आडनावं कशावरून पडतात हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. रोस्सी म्हणजे आपले तांबडे, बिआंकी पांढरे, व्होल्पे कोल्हे, लूपो लांडगे, ग्रास्सो लठ्ठे. रोमानो, लोम्बार्दी, काताला‍नो ही गावावरून किंवा मुलखावरून. पण ती गाव सोडून आलेल्याला नव्या गावाने दिलेली असतात, तेव्हा रोमानो रोममध्ये नाही, रोमबाहेर शोधायचा. बापाच्या नावावरून पडलेली सगळ्यात फसवी, कारण ते नाव मोडून येतं. एका जोवान्नीपासून जान्नीनी, झानेत्ती, व्हान्नी, नान्नी निघाले. दोमेनिकोपासून व्हेनेतोत मेनेगिनी. गारिबाल्दीमध्ये तर लोंबार्द लोकांचं जुनं जर्मन वळणाचं नाव आहे, भाला आणि धाडस या दोन शब्दांचं.

एस्पोझितो मिळालं तर आवाज हलका करून सांगा. नेपल्सच्या आनुन्त्सिआता या अनाथालयाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी चाक होतं. आई बाहेरून बाळ ठेवायची, चाक फिरायचं, आतून कुणी उचलून घ्यायचं. त्या बाळांना 'एस्पोझितो' म्हणजे 'बाहेर ठेवलेला' हे आडनाव मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती प्रथा कायद्याने बंद झाली. फिरेंझेतल्या, म्हणजे फ्लॉरेन्समधल्या, ब्रुनेल्लेस्की या वास्तुकाराने आराखडा केलेल्या अनाथालयाने १४४५ पासून बाळं घेतली. तिथून इन्नोचेंती आलं. मिलानमध्ये कोलोंबो, कारण तिथल्या मोठ्या रुग्णालयाच्या चिन्हावर कबुतर होतं. पण जेनोवाचा विणकर दोमेनिको कोलोंबो, म्हणजे कोलंबसचा बाप, याचा त्या रुग्णालयाशी काही संबंध नाही. गाव वेगळं, म्हणून कहाणी वेगळी.

घराण्याचं मानचिन्ह विकणाऱ्यांपासून लांब राहा. एका दुकानाने विहीणबाईंना सिंह आणि मुकुट असलेला कागद सोनेरी चौकटीत घालून विकला होता. चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका ठरावीक घराण्याला मिळतं. 'दी' किंवा 'दे' असणं ही सरदारकीची खूणही नव्हे; ते 'अमक्याचा मुलगा' एवढंच सांगतं.

आमच्या फावेरोंचा अर्थ लोहार. जवळच मेस्त्रेच्या बाजूला फावारो नावाचं गावही आहे, त्यावरूनही काही घरांना हे आडनाव पडलं असेल, म्हणून कोशातला अर्थ वाचून मी थांबले नाही. १८७२ च्या नोंदीत पिएत्रोच्या धंद्यापुढे 'व्हिल्लिको' आहे, म्हणजे शेतकरी. भाता त्या घरातून केव्हाच गेला होता, आडनाव राहिलं. सुनेने ते पान छापून नातीच्या पाळण्याजवळ लावलंय, आणि 'फू दोमेनिको'खाली पेन्सिलने रेघ ओढली आहे. दोमेनिकोंच्या लग्नाची नोंद पाद्र्यांच्या वहीत असायला हवी. कास्तेलफ्रांकोला पत्र गेल्या महिन्यात टाकलंय.